जानराव सायकलनं निघाला

"ज्यानं मेळघाटातल्या घाटात सारी उमर एस.टी. हाकली, त्याले सायकल म्हणजे काय? बसल्या बसल्या शेंगा फोडणं!"

आरशातल्या जानरावानं मान डोलावली. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून जानराव मिशी कातरता कातरता आरशालाच सांगत होता. घरात कोणाच्या कानावर गेलं असतं, तर बेत तिथंच पंक्चर झाला असता!

जानराव रिटायर होऊन वलगावच्या घरी येऊन बसला होता. बसला म्हणजे काय, बसतच नव्हता! खाटेवर टेकला की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीत ब्रेक दाबायचा. बायको मनकर्णाबाई चुलीपुढं भाकरी थापत असली की तो दारात येऊन उभा राहायचा.

"काय वं, झालं का? निघायचं का?"

"कुठी?"

"कुठी नाई," असं म्हणून तो अंगणात जायचा, फाटकाची कडी तपासायचा, परत यायचा. "काय वं, झालं का?"

मनकर्णाबाईनं एकदा वैतागून लाटणं उगारलं होतं. "बसा ना जरा एका जागी! भिंगरी गिळली का तुमी?"

अशात पेढी नदीच्या काठानं बांध घातला गेला आणि बांधावर गुळगुळीत सिमेंटचा रस्ता झाला. गाड्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब ठोकले होते. त्यांच्या मधून माणूस जाई, शेळी जाई, सायकल जाई. मोटारसायकल मात्र अडकायची. हा रस्ता पार पूर्णेच्या संगमापर्यंत जातो, असं जानरावाला कोणीतरी सांगितलं. झालं! त्याच्या डोक्यात चाक फिरू लागलं. संगमापर्यंत जायचं! मधे थांबा नाही, कंडक्टरची घंटी नाही, खिडकीतून पचापचा थुंकणारं पॅसेंजर नाही!

अडचण एकच होती. त्याच्या मनात भरलेली सायकल होती पोराची. नितेशनं अमरावतीहून गिअरची सायकल आणली होती आणि तो तिला नव्या नवरीसारखा जपत होता. "बाबा, तिले हात लावू नका, गिअर बिघडतात!" असं तो घरात सगळ्यांना बजावून मोकळा झाला होता. म्हणजे मागून मिळणार नव्हती. चोरूनच न्यावी लागणार होती.

जानराव तयारीला लागला. पोट गुडघ्याला लागतं म्हणून त्यानं रात्रीचं जेवण सोडलं. ताट पुढं आलं की "मन नाई" म्हणून उठायचा. संध्याकाळी बांधावर एकटाच उभा राहून नदीकडं, म्हणजे रस्त्याकडं, टक लावून बघायचा. घरी आला की गप्प. एक शब्द बोलला तर बेत तोंडातून निसटायचा! आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी तो आपल्या लहानपणच्या दोस्ताकडं, अब्दुल रहीमकडं गेला. अब्दुल रहीमचं गावात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. जानरावानं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"हे तू ठेव, रहीमभाई. लय दिवस घड्याळ पाहून जगलो. आता मले टायमाची गरज नाई."

"काहून? कुठी चालला?"

"सुटून राहिलो गड्या एकदाचा!" जानराव हसला आणि अंधारात निघून गेला.

आता, ती वर्षं कशी होती ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. सकाळी पेपर उघडताना हात आधी अडायचा. आज कोण्या शेतकऱ्यानं जीव दिला? गावोगावी शिबिरं व्हायची. जानरावाची सून प्राजक्ता अंगणवाडीत कामाला. तीही अशा शिबिराला जाऊन आली होती. तिथं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "घरातला माणूस जेवण सोडून राहिला, गप्प बसून राहिला, आपल्या आवडीच्या वस्तू दुसऱ्याला देऊन राहिला, तर त्याला एकटं सोडू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे जानराव हळूच सायकल घेऊन बाहेर पडला. आणि उजाडल्यावर अब्दुल रहीम घड्याळ घेऊन दारात आला.

"भाभी, जानराव कुठी आहे? मले रातभर नीन नाई आली."

घड्याळ बघताच प्राजक्तानं चहाचा कप टाकून ते मुठीत धरलं. "आत्याबाई! मामाजी जेवतही नव्हते! बोलतही नव्हते!"

शेजारचा मोतीराम कुंपणावरून म्हणाला, "पहाटेच नदीकडं जाताना पाह्यलं मी. स्वतःशीच हसून राहिले होते!"

मग काय! नितेशनं मोटारसायकल काढली, आईला मागं बसवलं आणि बांधाच्या रस्त्यावर शिरता येईना म्हणून पूल ओलांडून पलीकडच्या काठानं निघाला. अब्दुल रहीमनं दुकानातल्या साऱ्या सायकली बाहेर काढल्या. "भाडं नको! बसा! पळा!" मोतीराम, तालमीतली पोरं, पदर खोचलेली प्राजक्ता, सगळे सायकलींवर!

इकडं जानराव वेगळ्याच संकटात होता. त्यानं हँडलवरची गिअरची कुठलीशी खुंटी दाबली आणि पाय पंख्यासारखे गरागरा फिरू लागले, पण सायकल मात्र बैलगाडीसारखी चालली! आजूबाजूला बायका रस्त्यावर तूर वाळत घालत होत्या. एक म्हातारी त्याच्या शेजारून चालत पुढं गेली आणि मागं वळून म्हणाली, "बाप्पा, एवढे पाय हलवण्यापरीस उतरून चाला ना!"

जानरावानं चिडून दुसरी खुंटी ओढली. खटाक्! सायकल अशी सुटली, की म्हातारी मागं, तूर मागं, वलगाव मागं! वारा मिशीत शिरला. कित्येक महिन्यांनी त्याचा उजवा पाय शांत झाला. "वा रे पठ्ठे!" जानराव ओरडला. आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावरून मोटारसायकलचा आवाज आला.

"बाबाऽऽ! थांबाऽऽ!"

नितेश! मागं मनकर्णाबाई! गेली सायकल! जानराव हँडलवर ओणवा झाला.

"बाबा, असं करू नकाऽऽ! काहीही असलं तं आपण पाहून घेऊऽऽ!"

वाऱ्यानं आणि इंजिनानं मधले शब्द खाल्ले. जानरावाच्या कानावर आलं फक्त "पाहून घेऊ!" बापाला धमकी? एका सायकलीपायी?

"तुले काय पाह्याचं ते पाह्य!" तो ओरडला. "मी आता थांबत नाई! सीधा संगमावर जाऊन राहिलो!"

संगमावर! जिथं अस्थी घेऊन जातात तिथं! पलीकडं मनकर्णाबाईनं हंबरडा फोडला. जानरावाला वाटलं, सायकल गेली म्हणून रडते. पोराच्या वस्तूचं केवढं हे कौतुक! आपला रेडिओ पडून फुटला तेव्हा हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता!

त्यानं मागं बघितलं आणि बघतच राहिला. बांधावरून सायकलींची अख्खी वरात येत होती. पुढं अब्दुल रहीम, लुंगी वर खोचलेली, दाढी वाऱ्यावर. "जानरावऽऽ, खुदा के वास्तेऽऽ!" आणि सून! सूनसुद्धा सायकलवर!

आता जानरावातला ड्रायव्हर जागा झाला. परतवाड्याच्या रस्त्यावर ज्यानं एका काळीपिवळी जीपला कधी ओव्हरटेक करू दिलं नाही, त्याला हा रहीम भाड्याच्या खटाऱ्यावर मागं टाकणार? "ये ये!" तो ओरडला. "आज पाह्यतो कोणात किती डिझेल आहे!"

आणि वळणावर, रस्ताभर, म्हशी!

एस.टी. असती तर हॉर्न असता. जानरावानं सवयीनं उजवा पाय दाबला. पायात ब्रेक नव्हता! हातातल्या ब्रेकची आठवण येईपर्यंत सायकल बांधाच्या उतारावर लागली, दगडावर उडाली आणि जानराव हवेतून, दोन्ही हात पसरून, सरळ पेढीत गेला!

"उडी माऽऽरली!"

मागची वरात सायकली टाकून उतारावरून धडाधडा खाली आली आणि नदीत उड्या घेऊ लागली. मोतीरामनं सूर मारला आणि त्याचं डोकं गाळात रुतलं. पाणी नडगीएवढं होतं! पलीकडून नितेश पळत आला, मनकर्णाबाई लुगडं धरून आली, आणि आठ-दहा जणांनी मिळून जानरावाला वर खेचायला सुरुवात केली. तो मजेत नदीत बसला होता. एकानं पाय ओढला, दुसऱ्यानं मान, आणि अब्दुल रहीम त्याच्या छातीवर दाबून पाणी काढू लागला.

"अबे, पाणी नाई गिळलं मी! सोड! फासळी मोडशील!"

"का केलं रे असं?" अब्दुल रहीम रडत होता. "मले नाई सांगता आलं तुले?"

"सांगतलं असतं तं सायकल भेटली असती का?"

सगळे थांबले. म्हशीसुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या.

मनकर्णाबाईनं त्याचा सदरा दोन्ही हातांनी धरला होता. "सायकल?"

"फिरायले निघालो होतो. संगमापर्यंत." जानरावानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. चिखलानं भरलेली, धापा टाकणारी, रडलेली तोंडं. मग त्याची नजर प्राजक्ताच्या मुठीकडं गेली. तिनं त्याचं घड्याळ अजून घट्ट धरलं होतं. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडताच त्याची मान खाली गेली.

"तुमाले वाटलं..."

"काय वाटावं मंग?" मनकर्णाबाई ओरडली. तिनं त्याच्या दंडावर एक फटका दिला, मग दुसरा, मग तोच दंड कवटाळून ती पाण्यात बसली. "रोज कोण्या घरून रडू येते, अन् तुमी जेवून नाई राहिले, बोलून नाई राहिले! एक शब्द सांगता येत नाई? एक?"

 उभ्या जन्मात एवढे पॅसेंजर जानरावासाठी कधी उतरले नव्हते. त्यानं ओल्या बाहीनं तिचे डोळे पुसले, त्यामुळं ते आणखी चिखलाचे झाले.

"चुकलं वं माझं," तो म्हणाला.

बांधावर म्हशींची मालकीण गंगूबाई कमरेवर हात ठेवून हा सोहळा बघत होती. जानरावानं लाज झाकायला तिलाच विचारलं, "बाई, संगम कितीक दूर आहे इथून?"

"संगम?" गंगूबाई म्हणाली. "त्या बाभळीपाशी संपते रस्ता. पुढचं टेंडर निघाचं आहे!"

नितेशनं वाकड्या झालेल्या चाकाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि सायकलविषयी एक अक्षर न काढता त्याला मोटारसायकलवर बसवलं. मागून मनकर्णाबाई अशी चिकटून बसली की जानरावाला श्वास घेता येईना.

तेव्हापासून घरच्यांनी त्याला एकटं सोडलेलं नाही. अंगणात गेला तर नितेश मागं, पारावर गेला तर अब्दुल रहीम शेजारी. मनकर्णाबाई तर समोर बसून घास मोजते. परवा सकाळी त्याला संडासात जरा वेळ लागला, तर बाहेर प्राजक्ता दार वाजवू लागली.

"मामाजी! बरं आहे ना?"

"बरं आहे!"

"मग बोलत राहा!"

तिच्या मागं सासू, सासूमागं नितेश, आणि कुंपणावरून मोतीराम.

"अरे बाप्पा!" आतून जानराव कळवळला. "निदान इथं तरी बसू द्या ना मले निवांत!"