वहिनी, तुमची अडचण काय?

झुंबरनं एका दुपारी आरशात बघून दुसऱ्यांदा भांग पाडला आणि रंगूबाईला नवऱ्याचा संशय आला. सातपूरच्या कारखान्यात लेथ चालवणारा माणूस पहिली पाळी करून आला की हातपाय धुऊन आडवा होतो. हा मात्र इस्त्रीचा शर्ट चढवत होता.

"कुठं निघाले?"

"असंच. चाळीत चक्कर मारून येतो."

"चाळीत? गडी तर समदे सेकंड पाळीला गेलेत. आता निस्त्या बाया हायेत घरात."

"मग बायांनाच भेटंन," झुंबर म्हणाला आणि चपला सरकवून गेलासुद्धा.

आता एखाद्यानं बायकोला खरं काय ते सांगून टाकलं असतं. पण झुंबरला तशी सूचना नव्हती. कारखान्यात पुण्याहून एक टायवाले साहेब येऊन 'उद्योजकाची नजर' या विषयावर भाषण देऊन गेले होते. नोकरी करा, पण नजर उद्योजकाची ठेवा, असं त्यांचं म्हणणं. "ज्याला लोकांची अडचण कळली, त्याला धंदा सापडला. म्हणून दारोदार जा आणि विचारा, तुमची अडचण काय? आणि हो, आपली कल्पना कुणाला सांगू नका, अगदी बायकोलाही नाही!" बाकीचे कामगार भाषणात चहाची वाट बघत होते. झुंबरनं मात्र शब्दन् शब्द मनात धरून ठेवला होता.

पहिलं दार लताबाईचं. ती पंचवटीत वाढलेली, शेजारच्या मोतीरामची बायको. उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

"वहिनी, तुमची अडचण काय?"

लताबाईचं सूप हातातच थांबलं. "काय म्हणालात?"

"अडचण हो, अडचण. लाजू नका, मी कुणाला सांगणार नाय. फकस्त एवढं सांगा, दर महिन्याला येती का कधीमधी?"

प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. मागणी नियमित असल्याशिवाय धंद्यात उतरू नये, असं साहेबांनीच बजावलं होतं. लताबाई कानापर्यंत लाल झाली, उठली आणि तिनं दार एवढ्या जोरात लावलं की चौकटीवरचं तोरण खाली आलं.

शहाणा माणूस इथंच घरी परतला असता. पण पहिलं दार बंद झालं की खरा उद्योजक दुसरं वाजवतो, हेही साहेब सांगून गेले होते. दुसऱ्या दारात सुलाबाईनं भांडी घासलेलं पाणी त्याच्या पायावर ओतलं. मग तो गेला यशोदाबाईकडे. यशोदाबाई म्हणजे चाळीची मालकीण. वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी.

"मावशी, तुमची अडचण काय?"

"माझी?" यशोदाबाईनं सुपारी कातरता कातरता सुस्कारा सोडला. "माझी कसली आता अडचण बाबा! ती कव्हाच गेली."

"गेली?" झुंबर एक पाऊल पुढं सरकला. "कुनी घालवली?"

"कुनी म्हंजे? वय झालं, गेली." मग म्हातारीचा अडकित्ता हवेतच राहिला. "आन तुला रे मुडद्या कशाला पाहिजेत या चौकशा?"

तिनं अडकित्ता ठेवून चप्पल उचलली, तेव्हा झुंबर निघाला. पळता पळता त्याला एक गोष्ट लख्ख कळली. बायका एवढ्या चिडतात, दारं लावतात, म्हणजे आपल्याआधी कुणीतरी फिरून गेलंय. आणि तो मोतीरामच! भाषणात पहिल्या रांगेत बसून मान कोण हलवत होतं?

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. नळावर रंगूबाई गेली तर बोलणं एकदम बंद झालं. लताबाईनं पाठ फिरवली. काल नवरा भांग पाडून गेला, आज ही पाठ फिरवते! रंगूबाईनं मनातल्या मनात हिशेब घातला आणि तिला रडूच आलं. इकडे मोतीराम झुंबरवर पाळत ठेवून होता आणि झुंबर मोतीरामवर. दोघं एकमेकांना चुकवत चुकवत एकाच वेळी नळावर पोचले.

"काय रे," मोतीराम बाह्या सरसावत म्हणाला, "माझ्या बायकोच्या अडचणीशी तुझा काय संबंध?"

"आलं का ओठावर!" झुंबर उसळला. "म्हंजे तूच धरून बसलायस व्हय? अरे, चाळीत घरोघर अडचण हाय! एकट्याला झेपणार हाय का तुला? दोघं मिळून करू."

नळावर एका बाईची घागर हातातून निसटली. मोतीरामनं झुंबरची कॉलर धरली. इस्त्रीच्या शर्टाचं बटण उडून गटारात गेलं. यशोदाबाई मध्ये पडली आणि मोठ्यानं ओरडली, "रंगू, तुझ्या नवऱ्याला आवर! अन रविवारच्या आत खोली खाली कर. माझ्या चाळीत लेकीसुना नांदत्यात!"

रंगूबाईनं भरती घागर तशीच नळाखाली सोडली. सातपूरला नोकरी मिळेल, पण खोली मिळणार नाही, असे ते दिवस. लग्नानंतर कितीतरी काळ झुंबर गड्यांच्या खोलीत सतरंजी टाकून झोपत होता आणि ती इगतपुरीकडच्या गावाला सासूजवळ होती. ही खोली मिळाली तेव्हा कुठं दोघांचा संसार सुरू झाला. खोली गेली की पुन्हा तेच. तिनं नवऱ्याला दंडाला धरून घरात ओढलं आणि कडी लावली.

"काय इचारलं तुम्ही त्या बायांना? खरं सांगा, माझी शपथ हाय."

झुंबरनं सगळं सांगितलं. साहेब, उद्योजक, नजर, सगळं. रंगूबाई ऐकत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला.

"अवं, आपल्या गावाकडं बाईला कावळा शिवतो ना?"

"शिवतो. मग?"

"इथं कावळा नाय शिवत. इथं अडचण येती!"

झुंबर मटकन खाली बसला. "मग मी लताबाईला... दर महिन्याला का म्हणून..."

"काय इचारलं?"

"काय नाय," झुंबर म्हणाला आणि त्यानं डोक्यावरून चादर ओढून घेतली.

रंगूबाई चाळीत एकटी गेली. दारोदार जाऊन तिनं नवऱ्याचा मूर्खपणा कबूल केला. चादरीखालून झुंबरला आधी लताबाईचं हसणं ऐकू आलं, मग सुलाबाईचं, शेवटी यशोदाबाईचं. ते तर थांबेचना. झुंबरला वाटलं, यापेक्षा गड्यांची खोली बरी.

रंगूबाई परतली ती डोळे पुसत, पण हसून हसून आलेलं पाणी पुसत.

"खोली ऱ्हायली. पण मावशीनं एक अट घातलीय. त्यो शब्द तुमच्या तोंडातून परत निघाला, तर खोली खाली."

"कोणता? अड..."

"अवं, गप बसा!" तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "हसून झाल्यावर बाया बोलाया लागल्या. त्या दिवसांत चुलीला शिवायचं नाय. एका खोलीत दुसरं कोण हाय रांधायला? गडी कामावर बिनडब्याचा जातो, लेकरं पाव खात्यात. अन शेजारणीला दर महिन्याला मागायची लाज वाटती." तिनं पदर खोचला. "मी म्हणलं, मी करंन डबे. मोल देऊन घ्या, म्हंजे लाज नाय. समद्या हो म्हणल्या. माझ्या चार दिवसांत मावशी रांधंल, तिची तर कव्हाच गेली. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. महिनाभर चूल थंड व्हायची नाय."

"बघ! मागणी नियमित हाय!" चादरीतून आवाज आला.

डबे सुरू झाले. चाळीमागून चाळ जोडली गेली. कामावर जाताना झुंबर सायकलला डबे लटकवून नेई, ज्याचे त्याला देई आणि चकार शब्द बोलत नसे. डबा घेणाराही वर बघत नसे. मोतीराम तर भाजीची वाटी संपवूनही पुढं आठवडाभर झुंबरकडे बघायचा नाही.

पुढच्या वर्षी टायवाले साहेब पुन्हा आले. "मागच्या भाषणातून कुणी काही सुरू केलं का?" त्यांनी विचारलं. झुंबर अभिमानानं उभा राहिला. मागून कुणीतरी त्याचा शर्ट ओढला, पण तोवर उशीर झाला होता.

"माझ्या मंडळीनं डब्याचा धंदा काढलाय, साहेब. लय जोरात चाललाय."

"वा! म्हणजे तुम्ही लोकांची अडचण ओळखलीत! कोणती अडचण होती ती? सगळ्यांना नीट समजावून सांगा."

सभागृहात सगळे आपापल्या चपला बघू लागले. मोतीरामचे कान लाल झाले. झुंबरनं तोंड उघडलं, यशोदाबाईची अट आठवली, पुन्हा मिटलं. खोली डोळ्यांसमोर आली. खोलीत चुलीपुढं बसलेली रंगूबाईही आली.

"बोला, बोला! लाजू नका," साहेब म्हणाले. "कोणती अडचण?"

"साहेब," झुंबर अगदी नम्रपणे म्हणाला, "तेवढं घरी गेल्यावर तुमच्या मिसेसना विचारा."

साहेबांचा हात टायवर गेला. झुंबरला आपादमस्तक न्याहाळत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही पुण्याला आमच्या घरी कधी आला होतात?"