ढगातला फोटो, हदगावची गाडी

नांदेड जिल्ह्यात माझ्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुणाची नाही. हे मी म्हणत नाही, माझं व्हिजिटिंग कार्ड म्हणतं. आणि त्यावरचा मजकूर मी स्वतः लिहिल्यामुळे त्यात चूक असण्याचा प्रश्नच येत नाही. 'उमाशंकर, खाजगी गुप्तहेर, संगणक-गुन्हे विशेषज्ञ.' गेल्या वर्षी मंगल कार्यालयातल्या चप्पलचोरीचं प्रकरण मी अडीच तासांत उलगडलं. चोर मीच निघालो, घाईत दुसऱ्याच्या घालून आलो होतो. पण निकाल लागला की नाही? संगणकाला मात्र मी हात लावत नाही, पुराव्यावर ठसे उमटतात. ते काम माझी सहायक करते. ती एका कॉलेजात संगणक शिकवते, तिचं नाव ज्योत्स्ना आणि ती माझी बायको आहे. या तीन गोष्टींपैकी शेवटच्या गोष्टीचा तिला अधूनमधून पश्चात्ताप होतो.

परवा आम्हाला मन्मथच्या फोटो स्टुडिओतून बोलावणं आलं. मन्मथ लग्नाचे फोटो काढतो. आत शिरताच मी भिंतीवरचं घड्याळ पाहून माझं मनगटी घड्याळ त्याच्याशी जुळवलं. घटनास्थळाची वेळ तीच तपासाची वेळ, हा माझा नियम. मोबाईल तर मी तपासाला निघतानाच बंद करतो, गुन्हेगाराला माग लागू नये म्हणून. भिंतीवर पावणेतीन झाले होते.

समोर धुरपताबाई बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, अर्धापूरच्या केळीवाल्या घरातल्या.

"दोन महिन्यामागं लातूरला भाचीचं लग्न झालं," त्या म्हणाल्या. "माझी बहीण तारामती हदगावला ऱ्हाती. बारशात नाव कुणी ठेवायचं ह्याच्यावरनं अकरा वर्षं आमचं बोलणं न्हाई. तर लग्नात ती माझ्या बाजूला बसली अन् माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. चांगला अर्धा तास. मला वाटलं, गेला हिचा राग. आता सगळ्या पाव्हण्यांत सांगून राहिली की, मी असं काई केलंच न्हाई. खोटारडी. मला त्यो फोटो पायजे. चारच्या हदगाव गाडीनं जाते अन् तिच्या म्होरं ठेवते. उद्या सकाळी ती सहा महिन्यासाठी पुण्याला लेकाकडं चाललीय."

"सहाची गाडी आहे की," मी म्हणालो.

"अंधारात जाऊन, अकरा वर्षांनी, बिनबोलावता दार वाजवू? न्हाई. चारची गाडी, न्हाई तर मधी अर्धापूरला उतरते अन् बसते घरी. मंग पुन्ना त्या दारात जाणं न्हाई."

फोटो होता, पण मन्मथचा जुना संगणक जळाला होता आणि सगळे फोटो इंटरनेटवरच्या एका भाड्याच्या गोदामात होते. लोक त्याला ढग म्हणतात. गोदामाच्या किल्ल्या म्हणजे अक्षरांच्या दोन लांबलचक माळा, त्या मन्मथने एका फाइलीत जपून ठेवल्या होत्या. पण ते गोदाम संगणकावर साध्या फोल्डरसारखं उघडून देणारं सॉफ्टवेअर त्याच्या सेकंडहँड मशीनसाठी तयार मिळत नव्हतं. नेटवरून मूळ कोड उतरवून ते जागेवरच घडवायला हवं होतं.

"पीठ मिळत नसेल तर ज्वारी आणून दळायची, तसं," ज्योत्स्ना धुरपताबाईंना म्हणाली. तिने स्वतःचा मोबाईल रेंजसाठी बाहेरच्या खिडकीत ठेवला, त्यावरून नेट घेतलं आणि दळण सुरू केलं.

पाचव्या मिनिटाला पडद्यावर तक्रार आली: फ्यूज सापडत नाही.

मी तडक उठलो, मीटरच्या पेटीपाशी गेलो आणि पहिल्याच झटक्यात खटका खाली ओढला. स्टुडिओत अंधार झाला. अंधारातून ज्योत्स्नाचा शांत आवाज आला.

"अहो, फ्यूज नावाची लायब्ररी आहे ती. सॉफ्टवेअरचा भाग. आता खटका वर करा आणि खुर्चीवर बसा."

ती लायब्ररी तिने आणली आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आता पडद्यावर भराभर ओळी पळू लागल्या, त्यात मधूनमधून 'वॉर्निंग' असं येत होतं. मी वहीत नोंद केली: धमक्या, एकूण सत्तेचाळीस. मन्मथने घाबरून चहा मागवला.

अखेर सॉफ्टवेअर तयार झालं. ज्योत्स्नाने गोदाम उघडायचा हुकूम दिला, तर ते अडून बसलं. किल्ल्यांची फाइल कुणालाही वाचता येते, हे त्याला पसंत नव्हतं. तिने फाइल बंदोबस्तात ठेवली. पुन्हा हुकूम, पुन्हा नकार.

"यात वेळेचं काहीतरी लिहिलंय," ती पडद्याजवळ वाकून म्हणाली. "आपली वेळ आणि त्यांची वेळ जुळत नाही म्हणे." तिने संगणकातली वेळ पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, माझं मनगट पाहिलं. तिन्हीकडे तीन पन्नास. "इथं तर सगळं बरोबर आहे."

"अर्थात," मी म्हणालो. "तीन साक्षीदारांची जबानी जुळतेय. मशीन दिशाभूल करतंय. हा घातपात आहे. आणि घातपातात एकच विचारायचं, फायदा कुणाचा? फोटो न सापडल्यानं फायदा होणारी व्यक्ती एकच. मावशी, तुमच्या बहिणीनं हदगावात बसून..."

"गप बसा," धुरपताबाई म्हणाल्या. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "तिला साधा मोबाईलवरला फोटो उघडता येत न्हाई. ती कशाला कुणाचं मशीन बिघडवती? खोटारडी म्हणायचं तर मी म्हणीन, माझी बहीण हाय. तुमी कोण?"

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाल्यावर जो मान मिळतो, तो मला पुरेपूर मिळाला. भिंतीवर चार वाजले.

"गेली गाडी," धुरपताबाई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि मला, गुप्तहेर असूनही, फार वाईट वाटलं. सुनेला फोन करावा म्हणून त्यांनी पिशवीतून बटणांचा मोबाईल काढला. चष्मा नव्हता, चुकीचं बटण दाबलं गेलं. आतून एक बाई ठणठणीत हिंदीत बोलली: "अभी समय है, तीन बजकर पैंतीस मिनट."

ज्योत्स्नाने मन्मथकडे पाहिलं. मन्मथने खांदे उडवले.

"हाव, आमची सगळी घड्याळं पंचवीस मिनिटं पुढं असतात, वहिनी. मुहूर्ताला फोटोवाला लेट झाला तर लोक सोडतेत का? संगणकाचंबी आपोआप बरोबर व्हायचं, ते मी बंद करून टाकलं."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"घड्याळाचं कुणी इचारलंच न्हाई की."

पंधरा मिनिटांहून जास्त फरक असला की ते गोदाम दार उघडत नाही, असं ज्योत्स्ना घड्याळ मागे घेता घेता म्हणाली. मी माझंही गुपचूप मागे घेतलं. तिसऱ्या हुकमाला लातूरचं लग्न पडद्यावर आलं.

तो फोटो सातशेबारावा होता. धुरपताबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, खांद्यावर तारामतीचं डोकं. मन्मथने मोठा करून दाखवला. तारामतीचे डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं.

"घोरून राहिली की हो ही," मन्मथ म्हणाला.

धुरपताबाई पडद्याजवळ वाकल्या. "म्हंजे तिला ठावंच न्हाई," त्या म्हणाल्या. "खोटं बोललीच न्हाई ती. अन् मी दोन महिने गावभर..."

"पुरावा आरोपीच्या बाजूनं गेला," मी हळूच म्हणालो. "आता तुमची केस उभी राहत नाही, मावशी."

त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "ल्हानपणी बैलगाडीत अशीच निजायची," त्या ज्योत्स्नाला म्हणाल्या. "माझा हात बधिर व्हायचा, पण मी हलायचे न्हाई. त्या दिवशीबी हलले न्हाई."

मन्मथने फोटो छापला, पैसे घ्यायला नको म्हणाला. चारला पाच कमी असताना मी त्यांची पिशवी घेऊन गाडीत चढलो. कंडक्टर त्यांच्या ओळखीचा होता. विचारायच्या आधीच त्याने अर्धापूरचं तिकीट काढायला घेतलं.

"थांब," धुरपताबाई म्हणाल्या. "हदगाव दे. बहिणीची माफी मागायला चालले."