तोंडातला शब्द

“इंग्रजीतला पाच अक्षरांचा शब्द माझ्या तावडीतून सुटला, तर मिशी उतरवीन!” स्पेलिंगरावांनी चहाच्या कपासमोर जाहीर केलं.

“मिशी आहेच कुठे तुम्हाला?” बायको म्हणाली.

“म्हणूनच तर निर्धास्त आहे!”

स्पेलिंगराव छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असं सुख नवऱ्यांच्या जातीत फार थोड्यांच्या वाट्याला येतं! त्यांचं खरं प्रेम मात्र मोबाइलवरच्या कोड्यावर होतं. रोज एक पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा. अक्षर बरोबर जागी बसलं की घर हिरवं होतं. प्रयत्न मोजकेच. चुकलात की दिवसभर तोंड लपवत फिरा!

हेच कोडं त्यांचे साडू सोडवायचे. साडू दंतवैद्य. हा माणूस हसला की त्याच्या दवाखान्याची जाहिरात होते, म्हणून सारखा हसायचा. दोघा जावयांमध्ये या कोड्यावरून युद्ध पेटलेलं आणि पंच होत्या सासूबाई. या महिन्यात दोघे बरोबरीत होते आणि आज शेवटचा दिवस. जो आधी शब्द शोधील तो जिंकला!

हरणाऱ्याला शिक्षाही ठरली होती. सासूसासऱ्यांच्या घराची दुरुस्ती निघाली होती. सासूबाई बहिणीकडे जाणार होत्या, आणि हरणाऱ्याने सासऱ्यांना घरी न्यायचं होतं. सासरे तसे गरीब. पण निवृत्तीनंतर ते व्हायोलिन शिकायला लागले होते. ते वाजवायला लागले की शेजारची मांजरं सांत्वनाला यायची!

त्या सकाळी स्पेलिंगरावांचा घोडा मात्र चिखलात रुतला. शेवटची चार अक्षरं हिरवी झाली होती: ओ, एल, ए, आर. पहिलंच अक्षर सापडेना. सोलर घातला, चूक. पोलर घातला, चूक! आता एकच प्रयत्न उरला होता. त्यात खालचा एक दात रात्रीपासून असा ठणकत होता, जणू आत कुणी खिळे ठोकतंय.

“भावोजींकडे जा,” बायको म्हणाली. “घरचा डॉक्टर सोडून कुठे हिंडता?”

“शत्रूच्या छावणीत आ वासून बसू?”

पण दातापुढे अभिमानाचं काय चालतं? तासाभराने स्पेलिंगराव साडूंच्या खुर्चीत आडवे झाले. कोट खुंटीला, मोबाइल कोटात.

“कोणता?” साडूंनी विचारलं.

“हा. सुळ्याच्या लगेच मागचा, उजवीकडचा.”

“भरून टाकू. मागच्या दाढेलाही कीड आहे बरं का! ती काढा म्हणून कधीचा ओरडतोय मी.” साडूंनी सुई टोचली. थोड्याच वेळात स्पेलिंगरावांचा अर्धा जबडा परक्याचा झाला. तोंडात कापसाचे बोळे गेले, मदतनीस बाईंनी लाळ ओढायची नळी अडकवली, आणि मग साडूंनी हळूच विचारलं, “काय, सुटलं का आजचं?”

“उंऽ.”

“माझंही नाही! शेवटी ओ, एल, ए, आर. सोलर झाला, पोलर झाला. एकच प्रयत्न उरलाय. कॉलर म्हणावं तर त्यात दोन एल! काय असेल हो?”

स्पेलिंगरावांनी छताकडे पाहिलं. छतावर साडूंनी जबड्याचं मोठं रंगीत चित्र चिकटवलेलं होतं. पेशंटने घाबरून डोळे वर केले तर त्याला आणखी घाबरवायची सोय! चित्रातली शेवटची दाढ त्यांच्याकडे बघत होती. आणि एकदम डोक्यात वीज चमकली. दाढ! मोलर! एम, ओ, एल, ए, आर!

ते ताडकन उठायला गेले. मदतनीस बाईंनी खांदे दाबले.

“ओअअ!” स्पेलिंगराव ओरडले. बधिर ओठांतून ‘म’ काही फुटेना.

“दुखतंय?”

“ओअअ! ओअअ!” आपल्याला आधी आलं, हे साडूंना आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं. नंतर सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी बोट तोंडात घालून शेवटची दाढ टकटक वाजवली.

साडू वाकले. “ही? दाढ?”

स्पेलिंगरावांनी मान डोलावली. ओळखलं लेकाने! मग त्यांनी हवेत बोटाने भलामोठा एम गिरवला.

“नक्की हीच?”

जोरात मान!

“काढू?”

अक्षरं काढू, असंच म्हणतोय हा! दुसरं काय काढणार? स्पेलिंगरावांनी दोन्ही अंगठे वर केले.

पुढे काय झालं ते त्यांना नीट कळलंच नाही. चिमटा आला, करकर असा आवाज झाला, खुर्ची हलली, साडूंचा गुडघा खुर्चीच्या हातावर आला, आणि साडूंच्या हातात स्पेलिंगरावांची दाढ होती!

साडूंनी ती दिव्याखाली धरली. “वा! अखंड निघाली. याला म्हणतात मोलर!”

ते थांबले. डोळे मोठे झाले.

“मोलर... अहो, मोलर!”

हातमोजा ओढून फेकत ते मोबाइलकडे धावले. स्पेलिंगराव कोटाकडे झेपावले, पण मदतनीस बाई भिंतीसारख्या आडव्या आल्या. “बोळा दाबून बसा! रक्त थांबायचंय अजून!”

पलीकडून विजयाची आरोळी आली. पाठोपाठ सासूबाईंचा संदेश: मोठे जावई जिंकले. धाकट्यांनी संध्याकाळी सासऱ्यांना न्यायला यावं. व्हायोलिन जपून धरावं.

स्पेलिंगरावांनी बाईंकडून कागद ओढला आणि लिहिलं, ‘मला आधी आलं होतं! मी दाखवत होतो!’

साडूंनी वाचलं. “मग बोलला का नाहीत?”

स्पेलिंगरावांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मदतनीस बाईंनी चिमटा उचलून ट्रेमध्ये लांब ठेवला. तेवढ्यात जबड्यात पुन्हा कुणीतरी खिळा ठोकला. दुखरा दात होता तिथेच होता, आणि औषध उतरू लागलं होतं!

“बरं, आता चूक नको,” साडू नवा हातमोजा चढवत म्हणाले. “कुठला दात, ते सरळ लिहूनच द्या.”

स्पेलिंगरावांनी ठळक, सुवाच्य अक्षरांत लिहिलं, ‘खालचा. उजवीकडचा. सुळ्याच्या लगेच मागचा.’ एकही चूक नव्हती. दोनदा तपासून त्यांनी कागद पुढे केला.

साडूंनी तो लक्षपूर्वक वाचला, मान डोलावली, चिमटा घेतला आणि विचारलं,

“माझी उजवी की तुमची?”