दोन लाखांचं टॉवेल-स्टँड

"डॉक्टरकाका, टॉवेल वाळत घालायचं ते स्टँड तुम्ही केवढ्याला विकाल?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज तोफेच्या तीन मैत्रिणींनी लावली होती, पण तो कुठे विचारायचा हे ठरवायचं राहून गेलं होतं. त्यामुळे तिने तो थेट दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, आडवं पडून, गळ्याभोवती कागदी रुमाल बांधलेल्या अवस्थेत विचारला. तोफ हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत सकाळी विषयाच्या बाजूने आणि दुपारी त्याच विषयाच्या विरोधात बोलून तिने दोन्ही बक्षिसं घरी आणली, तेव्हापासून सगळे तिला तोफ म्हणू लागले होते. त्याआधी तिसऱ्या बाकावर नऊ वर्षं मुकाट बसणारी आपली मुलगी कुठे हरवली, असा प्रश्न तिच्या आईला अधूनमधून पडायचा.

डॉक्टर तोफेच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गुडघ्यांना व्यायाम म्हणून डोंगरात चालवायची बॅटरीवाली सायकल घेतली होती, चांगली साडेतीन लाखांची. ती दोनदा खाली उतरली, दोनदा वर चढली आणि मग जी बाल्कनीत जाऊन उभी राहिली, ती कायमचीच. तिच्या रुंद हँडलवर एका वेळी चार टॉवेल मावतात, हे समोरच्या तिन्ही इमारतींना पाठ झालं होतं.

तोफेच्या तोंडात आरसा घालायच्या बेतात असलेले डॉक्टर थांबले. आता आपली खैर नाही, असं तोफेला वाटलं. पण डॉक्टरांनी नुसता सुस्कारा सोडला.

"दोन."

"दोन काय?"

"दोन लाख. आता आ कर."

पुढची वीस मिनिटं तोफेला बोलता आलं नाही, आणि त्या वीस मिनिटांतच थट्टेचं रूपांतर खऱ्या इच्छेत झालं. दर रविवारी मैत्रिणींची टोळी टेकडीवर सायकली घेऊन जायची. तोफेची सायकल मामेभावाकडून आलेली. जरा चढ लागला की तिची चेन घसरायची. ती हाताला काळं फासून वर पोचेपर्यंत बाकीच्यांचे डबे खाऊन झालेले असायचे, आणि तिच्या वाट्याला फक्त "चल, उतरू या" एवढं यायचं. व्यासपीठावरून अख्खी शाळा गाजवणाऱ्या मुलीला टेकडीवर मात्र सगळ्यांच्या मागून यावं लागत होतं, आणि हे काही तिला पटण्यासारखं नव्हतं.

घरी तिने मुद्देसूद भाषण केलं. आजोबांनी तिच्या नावाने ठेवलेली ठेव निम्मी किंमत भागवत होती. उरलेल्या निम्म्याचं काय, असं कुणी विचारायच्या आत आईने हो म्हटलं, कारण तोफेला रोज सकाळी स्कूटरवरून शाळेच्या चढावर पोचवायचं काम आईकडे होतं. अट एकच, की भाव वाजवी हवा. तोफेने दोन दुकानांना फोन करून वापरलेल्या सायकलींचे दर काढले. वाजवी म्हणजे दीड लाख, असा निकाल लागला. आईने त्याच दिवशी जिन्याखालचा कोपरा झाडून घेतला.

शनिवारी संध्याकाळी तोफ आणि बाबा वर गेले. जिन्यात तिने बाबांना बजावलं, की तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही, नुसतं वजनदार माणसासारखं शेजारी उभं राहायचं. बाबांना हे फारच सोयीचं वाटलं. ते विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करायचे. दिवसभर गप्प उभं राहून वहीत नुकसान टिपायचं, हाच त्यांचा धंदा.

आता इथे तोफेची एक चूक झाली. आपण काय बोलणार हे तिने आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं, पण ते कशासाठी बोलणार, हे बाबांना सांगायचं मात्र राहिलं.

डॉक्टरांनी चारही टॉवेल काढून सायकल मोकळी केली. तोफ तिच्याभोवती एक फेरी मारून आली. मग तिने तोंड उघडलं. बॅटरी दोन वर्षं पूर्ण चार्ज करून नुसती ठेवली होती ना, म्हणजे तिचा जीव अर्धा झाला असणार. डॉक्टरांनी कबूल केलं, की चार्जर त्यांनी कधी काढलाच नव्हता. पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची रबरं एका जागी उभं राहून सुकली असणार. टायर जिथे टेकले तिथे चपटे पडले होते. ओल्या टॉवेलांचं पाणी निथळून चेनवर गंज चढला होता, आणि तो तिने बोटावर घेऊन डॉक्टरांच्या नाकासमोर धरला. ब्रेकचं तेल किती जुनं आहे हे विचारल्यावर तर डॉक्टरांनी, ब्रेकमध्ये तेल असतं का, असा उलट प्रश्न केला.

प्रत्येक दोषागणिक भाव उतरत होता. एक ऐंशी झाले, एक सत्तर झाले, गंजाने एक साठवर आणलं. मागे बाबांचं पेन वहीवर करकरत होतं. त्या आवाजाने डॉक्टर आणखी खचताहेत, हे तोफेच्या लक्षात आलं आणि बाबांना आणल्याबद्दल तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"बरं बाई, दीड," डॉक्टर म्हणाले. "दीड दे आणि घेऊन जा. मला हिच्याकडे बघवत नाही आता."

तोफेने हात पुढे केला. तेवढ्यात बाबांनी वही मिटली.

"नको."

"काय नको?" तोफेने विचारलं.

"ही सायकल नको. बॅटरी अर्धी मेलेली, शॉक अ‍ॅब्सॉर्बर सुकलेला, ब्रेकची खात्री नाही." बाबांनी वहीवर बोट आपटलं. "अशी गाडी माझ्यासमोर आली असती, तर मी थेट भंगारात काढायची शिफारस केली असती. यावर मी माझ्या पोरीला टेकडी उतरू देईन होय?"

तोफेने डोळे वटारले, भुवया नाचवल्या, पायावर पाय दिला. पण एकोणीस वर्षांत वहीत उतरलेलं नुकसान बाबांनी कधी खोडलं नव्हतं. मोठमोठ्या गॅरेजवाल्यांनी विनवण्या करूनही खोडलं नव्हतं, आणि पोरीच्या ब्रेकचा प्रश्न असताना तर ते खोडणं शक्यच नव्हतं.

मग तोफेपुढे एकच मार्ग उरला. सकाळची बाजू मांडून झाली होती, आता दुपारची मांडायची. बाबांकडे वळून तिने सांगायला सुरुवात केली, की बॅटरीची कंपनीकडून पाच वर्षांची हमी आहे, कमजोर निघाली तर नवी मिळेल. रबरं म्हणजे काय, एका सर्व्हिसिंगचं काम. टायर तर बदलायचीच वस्तू. गंज नुसता वरवरचा, आणि पुरावा म्हणून तिने ओढणीच्या टोकाने चेनचा एक तुकडा पुसून चकचकीत केला. खरी किंमत असते ती सांगाड्याची आणि मोटरची. आणि ही सायकल आजवर चालली होती किती, तर मीटरवर दिसत होते एक्केचाळीस किलोमीटर. अहो बाबा, ही सायकल म्हणजे दुकानातून आजच बाहेर काढल्यासारखी आहे, असं मिळायला नशीब लागतं.

मिटलेल्या वहीवरचं बाबांचं बोट जरा थबकलं. तोफेला जोर चढला. या मोटरवर चढ चढताना मागून कुणी हलकेच हात लावल्यासारखं वाटतं, दगडांवरून जाताना गादीवर बसल्यासारखं वाटतं, असं ती सांगत सुटली. त्यातलं तिने स्वतः काहीच अनुभवलं नव्हतं, पण इतक्या रविवारी खालून वर बघताना मनात सगळं पक्कं बसलं होतं, त्यामुळे आवाज खरा लागला.

"मग एक सत्तर तरी द्या," मागून आवाज आला.

तोफ गर्रकन वळली. डॉक्टर सायकलच्या सीटवर हात ठेवून उभे होते.

"काका, आपलं दीड ठरलं होतं."

"ते भंगाराचं ठरलं होतं. तू आता जी सांगतेस ती वेगळीच सायकल आहे."

बाबा न्यायी माणूस. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना रास्त वाटलं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. ते वही उघडून एकेका दोषापुढे दुरुस्तीचा अंदाजे खर्च मांडू लागले आणि बेरीज करून म्हणाले, की या हिशोबाने तर एक ऐंशी काही जास्त नाहीत. तोफेला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पण डॉक्टरांचं आता भावाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चेनचा चकचकीत तुकडा वाकून पाहिला. मग एक पाय कष्टाने पलीकडे टाकला आणि भर बाल्कनीत ते सायकलवर बसले.

"दोन वर्षांत मला कुणी हे सांगितलं नाही," ते म्हणाले. "दुकानदाराने तर नाहीच. मी नाही विकत ही. उगाच कुढत होतो मी, की पैसे पाण्यात गेले." त्यांनी तोफेचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले, पुढच्या वेळी दात फुकट साफ करून द्यायचं कबूल केलं आणि दारापर्यंत सोडायला येताना ओशाळून सांगितलं, की गियर कुठून बदलतात तेवढं मात्र त्यांना अजून उमगलेलं नाही.

घरी आई टेबलाशी वाट पाहत होती. बाबांनी सगळा वृत्तांत जसा घडला तसा, वहीतून वाचून दाखवला. आई आधी हसली नाही, मग इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. पोरीचा चेहरा पाहून मात्र ती गप्प झाली आणि दुसरी एखादी सायकल मिळेल गं, म्हणाली. बाबाही अपराधी चेहऱ्याने म्हणाले, की ते उद्याच चौकशी करतील, फक्त तिने त्या दुसऱ्या सायकलबद्दल चांगलंवाईट काहीही बोलू नये.

तोफ खुर्ची सरकवून उभी राहिली, व्यासपीठावर राहायची तशी, ताठ.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "दुसरी सायकल शोधायची नाही. उद्यापासून रोज सकाळी सहाला मी डॉक्टरकाकांना सायकल शिकवणार आहे. फुकट. पाण्याच्या टाकीच्या चढावर."

"तो चढ फार उभा आहे गं," आई म्हणाली.

"हो ना. आणि सायकल पंचवीस किलोची आहे. म्हणून पहिला महिना आम्ही मोटर बंदच ठेवणार, पाया पक्का व्हायला." तोफेने पाण्याचा पेला उचलून एक घोट घेतला. "भाव काय तो मग काकाच खाली येऊन सांगतील."