देवस्थळीकाकांचा अल्बर्ट

शनिवारी सकाळी इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरी गावातले बाकीचे रिटायर्ड काका टेनिस खेळतात, नाही तर नातवंडं सांभाळायला जातात. देवस्थळीकाका कबरस्तानात जातात. सोबत पाण्याची बाटली, मऊ ब्रश, भिंग आणि चकल्यांचा डबा. हवा तो दगड सापडला की आधी बूट काढतात, गवतातल्या दवात मोजे चिंब भिजवून घेतात आणि दगडासमोर उकिडवे बसून म्हणतात, "माफ करा हं, जरा तोंड पुसतो." मग शेवाळ घासायला लागतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं ड्रायव्हिंग काही दिवस बंद होतं, तेव्हा समोरच्या घरातली म्हणून मी त्यांना पहिल्यांदा तिथे घेऊन गेले. दगडावरचं नाव पोलिश होतं.

"काका, ह्यांना मराठी कळत नसेल," मी म्हटलं.

"अगं, इंग्रजी तरी कुठे कळत होतं त्यांना!"

काका मूळचे सांगलीचे. तरुणपणी शिकायला म्हणून इथे आले आणि पुढे आयुष्यभर पूल बांधले, तपासले, दुरुस्त केले. त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "पुरावा काय?" मी म्हटलं, नागपूरची संत्री जगात भारी. "पुरावा?" माझा नवरा म्हणाला, ह्या वर्षी बर्फ कमी पडणार. "पुरावा?" मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी सांगितलं, आमचे खापरपणजोबा पेशव्यांच्या पदरी होते. काकांनी मोदक खाली ठेवून विचारलं, "काही कागद आहे?" त्यानंतर त्यांच्या मोदकावर कोणी तूप वाढलं नाही. "ऐकीव गोष्टींवर पूल उभा राहत नाही," एवढंच म्हणाले आणि कोरडा मोदक संपवला.

स्वतःच्या अकरा पिढ्या त्यांना पाठ. कुलवृत्तांताची जाडजूड प्रत दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर. पण ते शोधत होते ते देवस्थळ्यांपैकी कोणालाच नव्हे. ते शोधत होते अल्बर्टला.

अल्बर्ट रोना हे त्यांच्या बायकोचे आजोबा. बायको म्हणजे हेलनकाकू. जन्म शेजारच्याच वुस्टर शहरातला, शाळेत संगीत शिकवायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीला गेल्या तेव्हा सासूबाई सासऱ्यांना "अहो" म्हणतात एवढं त्यांनी टिपलं, आणि त्या दिवसापासून त्याही "अहो" म्हणायला लागल्या. घरात, दुकानात, फोनवर, सगळीकडे. आमचा पोस्टमन काकांना अजून "मिस्टर आहो" म्हणतो आणि काका त्याला कधी सुधारत नाहीत. मला हेलनकाकूंचा सहवास जेमतेम वर्षभर मिळाला. त्या गेल्याला आता तीन वर्षं झाली.

त्या गेल्यानंतर महिन्याभरात काकांनी जेवणाचं टेबल रिकामं केलं आणि त्यावर कागद पसरले. अल्बर्ट पोलंडमधून आला आणि वुस्टरच्या तारेच्या कारखान्यात कामाला लागला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या गावाहून आला, हे कोणालाच नाही. एका सरकारी कागदावर जन्मस्थान ऑस्ट्रिया, दुसऱ्यावर रशिया, तिसऱ्यावर नुसतंच पोलंड.

"माणूस एक आणि देश तीन!" काका कागद माझ्यासमोर नाचवत म्हणाले. "त्या वेळी पोलंड नकाशावरच नव्हता. शेजारच्या तीन साम्राज्यांनी वाटून घेतला होता. जनगणनेचा कारकून विचारणार, देश कुठला? हा बिचारा काय सांगणार?"

मधले आठ महिने तर ते भलत्याच अल्बर्टच्या मागे होते. तो खाटीक होता, कनेटिकटमध्ये राहायचा, त्याच्या दोन बायका बाळंतपणात गेल्या होत्या. काका रोज मला त्याची हकीकत सांगत. मग एका तारखेवरून कळलं की हा तो नव्हे. त्या दिवशी मी भाजी द्यायला गेले तर काका खिन्न बसलेले. "चांगला माणूस होता गं," म्हणाले. "पण आपला नव्हे." त्याची फाइल मात्र त्यांनी टाकली नाही. "त्याचं तरी कोण आहे दुसरं?"

खरी वाट सापडली ती गावच्या लायब्ररीत. तिथल्या बाई म्हणाल्या, पोलिश खेड्यातला अल्बर्ट हा मुळात अल्बर्ट नसतोच. त्याचं नाव वोइचेख. इथे कोणाला उच्चारता येईना म्हणून त्या लोकांनी अल्बर्ट हे नाव घेतलं. आणि रोना म्हणजे मूळचं व्रोना. काकांनी घरी येऊन कोशात अर्थ पाहिला आणि मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन केला. व्रोना म्हणजे कावळा.

"म्हणजे हेलन माहेरची कावळे!" ते ओरडले. "आधी कळलं असतं तर आमच्या आईने एवढी कटकट केली नसती. आडनाव तर ओळखीचं वाटलं असतं!"

मग त्यांनी पोलिश उच्चार शिकायला घेतले. सगळी नावं देवनागरीत लिहून काढली आणि फ्रिजवर लावली. "चार मधला च वेगळा, चाक मधला च वेगळा. आपल्या तोंडाला दोन्हींची सवय. ह्या अमेरिकनांना एकही धड येत नाही," असं म्हणत ते सकाळी चहा उकळेपर्यंत पोलिश संतांची नावं घोकायचे. दाराबाहेर उभं राहून ऐकलं तर वाटावं, विष्णुसहस्रनाम चाललंय.

लग्नाची नोंद चर्चमध्ये असते आणि तिथला पाद्री आपल्याच देशाचा असला तर नवऱ्यामुलाचं खरं गाव लिहून ठेवतो, हेही त्यांना कळलं. वुस्टरच्या जुन्या पोलिश चर्चच्या ऑफिसात ऐंशीच्या घरातल्या मिसेस स्टेला बसतात. त्यांनी काकांना तीनदा परत पाठवलं. रजिस्टर जीर्ण आहे, दाखवत नाही, अर्ज करा, थांबा. चौथ्या वेळी मी सोबत होते. काका काउंटरसमोर उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि फ्रिजवरच्या उच्चारात म्हणाले, "वोइचेख व्रोना."

मिसेस स्टेलांनी चष्मा काढला. "परत म्हणा."

काकांनी परत म्हटलं.

"माझे वडील गेल्यापासून हे नाव असं कोणी घेतलं नाही," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

रजिस्टर उशीवर ठेवून आणलं. नोंद लॅटिनमध्ये होती. मिसेस स्टेलांचं बोट ओळीवरून हळूहळू सरकलं. नवरामुलगा अमुक, बाप तमुक, आई तमुक. आणि गाव: ब्झेझूफ्का. "बर्चच्या झाडांचं गाव," त्यांनी सांगितलं. "आमच्याकडे अशी पुष्कळ आहेत."

"म्हणजे आपलं पिंपळगाव!" काका माझ्याकडे वळले. "पण कुठलं पिंपळगाव? बसवंत, खुर्द, की बुद्रुक?" तेही होतं. गावाच्या पुढे तिथल्या चर्चचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं. काकांनी भिंगातून ते चारदा वाचलं. आता आनंदाने उडी मारतील, असं मला वाटलं. पण त्यांनी फक्त मान खाली घालून मिसेस स्टेलांना नमस्कार केला.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली तर म्हणाले, "थांब जरा."

आम्ही पार्किंगमध्येच बसून राहिलो.

"कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघाली ना, तेव्हा अमेरिकेतल्या सगळ्या देवस्थळ्यांचे फॉर्म मी भरले," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव. कोणी विट्याची, कोणी वाईची. हेलनच्या पुढे मी लिहिलं, अमेरिकन. बास."

मी लावलेली किल्ली काढून घेतली.

"छापील प्रत आली तेव्हा ती बाराखडी शिकली. मला न सांगता. मुलीच्या जुन्या पुस्तकावरून. आणि एक दिवस माझ्यासमोर बोट ठेवून वाचलं, अ-मे-रि-क-न. मला वाटलं कौतुक करून घ्यायचंय. मी म्हटलं, वा! तर म्हणाली, 'अहो, सगळ्या बायकांना गाव आहे. मला का नाही?' तिच्या आजोबांच्या गावाला जाऊ या म्हणून ती लग्नापासून मागे लागली होती. आणि मी काय म्हणालो असेन?"

मला माहीत होतं ते काय म्हणाले असतील.

"हो, तेच म्हणालो. तिने पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं गं."

घरी पोचल्यावर त्यांनी मला आत बोलावलं, पुस्तकाचं ते पान उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुझं अक्षर चांगलं आहे." मी समासात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. त्यांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

बातमी सांगायला त्यांनी मुलीला फोन लावला. अनिता व्हर्जिनियात, हर्नडनला असते. काका वीस मिनिटं मराठीत पुराव्यांची यादी सांगत होते. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "डॅड, लेट्स जस्ट गो."

मे महिन्यात दोघं गेली. मी रोज फोन पाहत होते. चौथ्या दिवशी अनिताने एक व्हिडिओ पाठवला आणि मागोमाग फोन करून सगळं सांगितलं.

ब्झेझूफ्कात बघण्यासारखं काही नव्हतं. एक रस्ता, बटाट्याची शेतं, बंद पडलेलं एक दुकान. व्रोना आडनावाचं आता कोणी उरलं नव्हतं. काका कोट-टाय घालून रस्त्याच्या मधोमध उभे होते. एका अंगणातून डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या आणि हातानेच विचारलं, कोण तुम्ही? अनिता फोनवर भाषांतर शोधत होती, तेवढ्यात काका स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "झ्येंच." हा शब्द त्यांनी कधी पाठ केला होता, तिलाही माहीत नव्हतं. झ्येंच म्हणजे जावई.

बाई क्षणभर बघत राहिल्या. मग पोट धरून हसल्या आणि गावच्या जावयाला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

व्हिडिओ आतला आहे. टेबलावर मेणकापड, समोर ताट, ताटात उकडलेल्या करंज्यांसारखं काहीतरी. "आत बटाटा आहे," काका कॅमेऱ्याला सांगतात. "सारण फिकं आहे, पण पारी उत्तम." बाई समोर बसून त्यांना खाताना बघत असतात. मग त्या काहीतरी विचारतात. अनिता फोनवर वाचून हळूच सांगते, "डॅड, शी इज आस्किंग... आमची मुलगी कुठे आहे?"

काकांचा चमचा थांबतो. ते आधी अनिताकडे बघतात, मग त्या बाईंकडे.

"आणायला उशीर केला मी," ते म्हणतात.

मराठीतच म्हणतात. अनिता भाषांतर करत नाही. पण बाई उठतात, त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि न विचारता आणखी दोन वाढतात.