सीताफळाचं काय झालं

बाभुळगावच्या त्या गल्लीत भुलाबाईची शेवटची खिरापत, म्हणजे कोजागिरीची, साधनाच्या घरची असते आणि ती दरवर्षी झाकण उघडायच्या आधीच फुटते. फोडतात शेजारच्या हजराबी. खिरापत ओळखायची म्हणजे बंद डबा हलवायचा, त्याला कान लावायचा, गोड की तिखट विचारायचं, दोनचार चुकीची नावं घ्यायची आणि हसायचं. त्यातच तर सगळी मजा. हजराबींना यातलं काही लागत नाही. फाटक ढकलता ढकलताच त्या म्हणतात, "मुगाचा शिरा हाये. तूप थोडं जास्त झालं वाटते." की संपलं. बाकीच्या बायका डब्याकडे बघत बसतात.

यंदा मात्र गोष्ट गमतीवर राहिली नाही. आदल्या संध्याकाळी गाणी संपल्यावर समोरच्या बसंतीबाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "साधना, तुही खिरापत म्हणजे फुटलेला पेपर. उद्या जर का हजराबीनं ओळखली, त पुढल्या सालापासून कोजागिरी माह्या घरी." बायकांनी माना डोलावल्या. साधनाला ते फार लागलं. लग्न होऊन आली तेव्हापासून कोजागिरीला तिच्याच अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो, त्यात मातीची भुलाबाई बसते आणि सारी गल्ली तिच्याकडे येते. एरवी तिच्या घरी येतं कोण? मीटर वाचणारा आणि नवऱ्याचा भाऊ. ही एक संध्याकाळ गेली तर वर्षात उरतं काय, असं तिला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

तिनं पक्का बेत केला. बाजारात सीताफळांचे ढीग लागले होते. सीताफळाची बासुंदी गल्लीत आजवर कुणी खिरापतीला केली नव्हती. प्रश्न फक्त हजराबींच्या नाकाचा होता. त्यावर उपाय म्हणून तिनं स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या आणि दुसऱ्या शेगडीवर कढईभर कांदा तळायला टाकला.

"अवं, कांदा कायले तळून राह्यली?" नवरा शाम डोळे पुसत आत आला. पंचायत समितीतल्या नोकरीतून त्यानं आज मुद्दाम रजा घेतली होती, विश्रांतीसाठी.

"वास मारायले."

"अन् कांद्याच्या वासाचं काय करशीन?"

"तुम्ही सीताफळाच्या बिया काढा."

गडबड इथं झाली. बासुंदी थंड झाल्यावर त्यात सीताफळाचा गर घालायचा असतो. पण बंद खिडक्या, कांद्याचा धूर आणि डोळ्यांतून वाहणारं पाणी, यात साधनाला समोरचं दूध नीट दिसतही नव्हतं. तिनं गर सरळ उकळत्या दुधात ओतला. दूध फाटलं.

नवीन दूध आणावं तर कोजागिरीच्या दिवशी दुपारी दूध मिळत नाही. घरात होतं ते चंद्राला दाखवायच्या मसाला दुधाचं, त्याला हात लावायची सोय नव्हती. साधनानं धीर सोडला नाही. फाटलंय तर आटवू, कलाकंदासारखं दाणेदार होईल, असं म्हणून तिनं आंच वाढवली. चाखून पाहिलं तर कडवट. तिनं गूळ घातला. गुळानं पाणी सुटलं. ते आवळायला शिंगाड्याचं पीठ घातलं, तर त्याच्या गाठी झाल्या. एवढ्यात बाहेर मखराचे धांडे एका अंगाला कलले आणि झेंडूची माळ भुलाबाईच्या नाकावर आली.

"जरा हलवत राहा हो," उलथनं नवऱ्याच्या हाती देऊन ती बाहेर पळाली. "अन् वरून विलायची टाकजा. थे पिवळ्या झाकणाच्या डब्बीत हाये."

शामला फोन आला. ऑफिसातल्या देवसिंगचा होता आणि देवसिंगचा फोन लवकर संपत नाही. फोन कानाला, उलथनं हातात, पण हात थांबलेला. ती परत आली तेव्हा बुडाला लागलं होतं.

"अवो, करपलं!"

"म्हणून त भरपूर विलायची टाकली ना," शाम म्हणाला.

साधनानं डबीकडे पाहिलं. तिचं झाकण पिवळं होतं, पण पिवळ्या झाकणाच्या डब्या घरात दोन होत्या. ही सुंठेची होती. आता रडायलाही वेळ नव्हता. पातेल्यात जो तपकिरी गोळा झाला होता त्याचे तिनं लाडू वळले, खोबऱ्याच्या किसात घोळवले, डब्यात भरले, वर कापूस दाबला, म्हणजे हलवलं तरी वाजायला नको, आणि झाकण लावलं.

चंद्र वर आला. अंगणात दुधाचं पातेलं ठेवलं. गाणी झाली, टाळ्या झाल्या आणि डबा फिरू लागला. "शंकरपाळे?" "नाही." "चिवडा?" "नाही." "गोड की तिखट?" साधना यावर अडखळली. "गोडच म्हना," ती म्हणाली.

हजराबी फाटकातून आल्या आणि थबकल्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"कांदा," त्या म्हणाल्या.

"खिरापत सांगा, खाला," साधना म्हणाली.

त्यांनी डबा मांडीवर घेतला. झाकणाशी नाक नेलं, डोळे मिटले, पुन्हा नेलं. "मीठा हाये... नाय. जला हुआ... नाय वं बेटी, असं त मी कधी सुंघलंच नाय." त्यांनी डबा खाली ठेवला. "हार गई मैं."

साधनाला गल्लीभर नाचावंसं वाटलं. बसंतीबाईंचा चेहरा उतरला, पण त्या बाई कच्च्या नव्हत्या.

"बरं बाप्पा, हरलो. आता नाव सांग."

"कशाचं?"

"खिरापतीचं! काय हाये डब्यात?"

साधनानं शामकडे पाहिलं. शामनं चंद्राकडे पाहिलं.

"थे... एक असते," साधना म्हणाली. "गोड असते."

"नवीन हाये, काकू. यूट्यूबवरचं," शामनं मदत केली.

"यूट्यूबवर बी नाव असते," बसंतीबाई म्हणाल्या. "नाव नसलेली वस्तू कोन ओळखन? मी बी उद्या डब्यात माती भरून आनीन! हे काही चालत नाई. कोजागिरी माह्या घरी."

"रुको," हजराबी म्हणाल्या. त्यांनी झाकण काढलं, एक लाडू तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला. "बासुंदी होती. सीताफळाची. गर उकळत्या दुधात टाकला, फट गई. मंग गूळ. मंग शिंगाड्याचं पीठ, गठल्या झाल्या. मंग बुडाले लागलं. कोनाचं तरी ध्यान नव्हतं."

"माह्यं," शाम म्हणाला.

"अन् सुंठ. सुंठ काहून टाकली, थे नाय समजलं."

"विलायची समजून."

अंगण हसून हसून लोळलं. साधना मान खाली घालून बसली. झाकली मूठ भर चांदण्यात उघडली गेली होती. ती आत निघून जाणार, इतक्यात तिच्या ध्यानात आलं की हसता हसता बायका खात आहेत. एक लाडू, दुसरा लाडू. बसंतीबाई तर डब्याच्या कडेचं खोबरं बोटानं पुसून घेत होत्या.

"साधना," बोट चाटत त्या म्हणाल्या, "कोजागिरी तुह्याच घरी राहू दे. पन एक सांगतो, दरसाल हेच पाहिजे. अन् दिवाळीले माहा जावई येऊन राह्यला, त्याच्यासाठी डब्बाभर करून देजो."

"देतो ना, काकू!" साधना आनंदानं म्हणाली. तिला त्या क्षणी कुणी चंद्र मागितला असता तरी तिनं होकारच दिला असता.

दिवाळीच्या तोंडावर तिनं पुन्हा सीताफळं आणली. खिडक्या लावल्या, कांदा तळला, शामला फोन घेऊन शेजारी उभं केलं. दूध खळखळून उकळलं तसा तिनं गर ओतला आणि वाट पाहत उभी राहिली. दूध फाटेना. तिनं आंच वाढवली. आणखी गर टाकला. "फाट ना वं माय," ती पातेल्याला म्हणाली. दूध आपलं हळूहळू घट्ट होत गेलं, वर जाड साय धरली आणि कांद्याच्या धुरातूनही घरभर गोड वास सुटला.

शामनं चमचाभर चाखली आणि फोन खाली ठेवला.

"जमली!" तो ओरडला. "अवं साधना, बासुंदी जमली! एक नंबर!"

"थेच त," साधना रडवेली होऊन म्हणाली. "आता काकूले काय सांगू?"