कोंडाबाईचं बीळ आणि उंटांची फौज

मुलांनो, जरा सरकून बसा. एका जंगलात उंट आले.

हो, उंटच. त्या जंगलाच्या सिंहमहाराजांना एकदा स्वप्न पडलं, की पलीकडच्या डोंगरातला वाघ आपल्यावर चालून येतोय. त्यांनी घाबरून वाळवंटातून फौज मागवली. फौज आठ दिवसांसाठी आली. तिसरं वर्ष लागलं तरी तिचे आठ दिवस भरले नव्हते. वाघ काही आला नाही. सिंहमहाराज हवापालटासाठी म्हणून वाळवंटात गेले, ते तिकडेच रमले.

उंटांच्या सरसेनापतींना मुख्यालय हवं होतं. त्यांनी कोंडाबाई साळिंदरीचं बीळ पसंत केलं. एवढंसं बीळ उंटाला कसं पुरणार, असं तुम्ही विचाराल. नाहीच पुरलं. फक्त डोकं आत गेलं. मग सरसेनापतींचं डोकं मुख्यालयात आणि बाकीचे सरसेनापती बाहेर, असा कारभार सुरू झाला. आतून घुमत घुमत हुकूम यायचे. ते कुणालाच कळायचे नाहीत, म्हणून सगळे ताबडतोब पाळायचे.

कोंडाबाई दोन पिल्लांना घेऊन करवंदीच्या जाळीत राहायला गेली. तिथे ना दार, ना भिंत. रोज एक कोल्हा यायचा, पिल्लांची मायेनं विचारपूस करायचा आणि कालच्यापेक्षा जरा जवळ बसायचा. कोंडाबाईच्या जिवाला घोर लागला. तिनं तीनदा जाऊन सरसेनापतींना विनवलं. पण त्यांचे कान बिळात होते.

इकडे उंटांनी झाडांचा पाला संपवत आणला, तसं जंगल पेटून उठलं. उड्डाणराव वानरांनी पक्ष काढला. त्यांची घोषणा होती, ‘उंटांनो, ताबडतोब निघा.’ मुसंडीराव रानडुकरांना ती फारच मिळमिळीत वाटली. त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि ‘उंटांनो, निघा ताबडतोब’ अशी जहाल घोषणा दिली. दोन्ही पक्षांत इतकी हाणामारी झाली, की सोडवायला उंटांना यावं लागलं.

अखेर एका सकाळी सगळं जंगल मुख्यालयावर चालून गेलं. पन्नास पावलं उरली आणि मोर्चा थांबला. पुढे कुणी व्हायचं, यावर चर्चा सुरू झाली. मुसंडीराव म्हणाले, पहिला मान वानरांचा. उड्डाणराव म्हणाले, मोठ्यांच्या पुढे आम्ही कसे जाणार? आणि ते विनयानं झाडावर चढले.

मोर्चात कोल्हाही आला होता. तो पिल्लांना अगदी चिकटून घोषणा देत होता. कोंडाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, आता पुरे.

साळिंदर कसं लढतं, ठाऊक आहे ना? ते काटे फुलवून उलटं धावतं. कोंडाबाईनं तेच केलं. सरसेनापतींकडे पाठ केली, अंगावरचा काटा न् काटा उभा केला आणि त्यांच्या बाहेर राहिलेल्या भागावर मागच्या मागे जाऊन आदळली.

बिळातून आजवरचा सगळ्यात मोठा हुकूम घुमला. खरं म्हणजे सरसेनापती आईला हाक मारत होते. फौजेला वाटलं, माघार घ्या म्हणताहेत. दुपारपर्यंत शेवटचा उंट नदीपार झाला. कोल्हाही पुन्हा विचारपूस करायला आला नाही.

जंगल स्वतंत्र झालं. विजयाचा मान कुणाचा, हे ठरवायला समिती बसली. कोंडाबाई समितीला म्हणाली, “मान कुणालाही द्या. मला माझं बीळ द्या. पोरं उघड्यावर आहेत.”

मुसंडीरावांनी घसा साफ केला. “बाई, ऐन लढाईत तुम्ही शत्रूला पाठ दाखवलीत. सगळ्या जंगलानं पाहिलंय.”

“आम्ही पाठीनंच लढतो, दादा.”

“ते तुमचं घरगुती कारण झालं,” मुसंडीराव म्हणाले.

उड्डाणरावांची छाती मात्र शेवटपर्यंत शत्रूच्या दिशेनं होती, असं समितीनं एकमतानं नोंदवलं. अंतर तेवढं जरा जास्त होतं. बिळाचं स्मारक झालं आणि त्यात कुणीही राहू नये असा ठराव झाला.

कोंडाबाई कुणाशी भांडली नाही. पोरांना घेऊन ती ओढ्यापलीकडे गेली आणि पंधरा दिवस माती उकरून तिनं नवं बीळ केलं. पत्ता कुणाला दिला नाही. जंगलाच्या दप्तरात तिच्या नावापुढे ‘फरारी’ असं लिहिलं आहे. ती मात्र दोन्ही पोरांना कुशीत घेऊन गाढ झोपते.

तात्पर्य: शत्रूशी लढताना छाती नेहमी पुढे असावी. पाठीनं लढलं तर शत्रू पळतो खरा, पण पुतळ्याला हार कुठल्या बाजूनं घालायचा, हे पुढाऱ्यांना कळत नाही.